अहो, उतरा!

नाही नाही, कांचन, तू आधी तो ढोकळा खाली ठेव आणि मला सांग, हॉप म्हणजे काय गं? उडी ना? टुणकन उडी! सशानं मारायची ती! मग मला सांगा, सदुसष्ट वर्षांची बाई, डावा गुडघा नवा, उजवा वेटिंग लिस्टवर, तिला कुणी उड्या मारायच्या बसमध्ये बसवतं का? आमच्या वैदेहीनं बसवलं. पोटच्या मुलीनं! तिकडे जर्सी सिटीत आपल्या उंच बिल्डिंगमध्ये बसून फोनवर टकटक केलं, आणि बँकॉकच्या बसची दोन तिकिटं आमच्या सनीव्हेलच्या डायनिंग टेबलावर! "आई, इट्स सो सिम्पल. वाटेल तिथे हॉप ऑफ, वाटेल तिथे परत हॉप ऑन. दिवसभर बस फिरतच असते. यू कान्ट गेट लॉस्ट, आई!" म्हणजे हरवायची सोयच नाही म्हणे. तुम्हाला सांगते, जिथे सोय नसते ना, तिथे आम्ही स्वतः करून घेतो.

आता बँकॉक कशाला, तर नागपूरला माझ्या भाच्याचं, नकुलचं लग्न. आणि आमचे हे म्हणाले, जाताना मध्ये कुठेतरी थांबू, जग बघू. जग बघू! अहो, इतकी वर्षं माणूस इथे अमेरिकेत कॉम्प्युटरच्या चिपा बनवत होता, त्या प्लास्टिकच्या पांढऱ्या झग्यात डोकं घालून, तेव्हा जग सोडा, मुलीची शाळा कुठे आहे ते बघितलं नव्हतं. आता रिटायर झाल्यावर जग! बरं, बघू म्हटलं. मला काय, मी केव्हाची तयारच आहे.

पण खरी भानगड वेगळीच. ती तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. ह्यांना ऐकू येत नाही. हं, हसू नका, मोठ्यानं हसलात तरच ऐकू जातं! दोन वर्षं झाली. मी विचारते, "चहा टाकू का?" तर हे, "काकू? कुठल्या काकू?" मी म्हणते, "आमटीत मीठ आहे का?" तर खुर्चीत ताठ होऊन, "नीटच तर बसलोय!" आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की एकच, "मला सगळं ऐकू येतं. तू पुटपुटतेस." मी पुटपुटते! माझा आवाज शेजारच्या बिल्डिंगमधल्या राजला ऐकू जातो, तो बिचारा आपली ऑफिसची मीटिंग म्यूट करतो!

तर बस. दुमजली, वरून उघडी, लालभडक. जानेवारी महिना, पण ऊन असं की टाळूवर पापड भाजावा. मी म्हटलं खाली बसू, एसीत. हे केव्हाच जिना चढून वर! पाठोपाठ मी, नवा गुडघा पुढे, जुना मागे. काय तर म्हणे हॉप ऑन! हॉप नाही काही, गोणी चढवतात तशी चढले मी.

आणि वर गेल्यावर बसमधल्या मुलीनं प्रत्येकाला इयरफोन दिले. सीटला भोक असतं, त्यात खुपसायचे, की कुणीतरी बाई कानात माहिती सांगते. ह्यांनी खुपसले, आवाजाचं बटण असं शेवटपर्यंत फिरवलं... आणि तुम्हाला सांगते, ह्यांचा चेहरा! उजळला हो! कारण दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाई ह्यांच्या थेट कानात, स्पष्ट, मोठ्यानं बोलत होती. आणि ती मी नव्हते! मग काय, मान डोलावताहेत, हसताहेत, मध्येच मला सांगताहेत, "अगं, हा राजवाडा सतराशे ब्याऐंशीचा!" मी म्हटलं, "मलाही तेच ऐकू येतंय." तर हे, "हो ना? छानच आहे!"

माझा फोन ह्यांच्या पिशवीत. कारण ह्यांच्या फोनची बॅटरी जपायची, म्हणून फोटो माझ्या फोनवर. माझी पर्सही ह्यांच्याकडे, कारण गुडघा, जिना, कठडा, हात मोकळे हवेत. म्हणजे मी कशी, तर गळ्यात चष्मा, हातात पाण्याची बाटली, संपलं.

आता मला फक्त एका ठिकाणी उतरायचं होतं. एका! राजवाडे, बुद्ध, नदी, सगळं वरून बघितलं तरी चालणार होतं. पण ते चायनाटाउन आहे ना, त्याच्या पलीकडे आपल्या लोकांचा कापडबाजार आहे म्हणे, तिथे सुनेला, म्हणजे नकुलच्या बायकोला, काहीतरी रेशमाचं घ्यावं, एवढीच इच्छा. सकाळपासून चारदा सांगितलं, ओरडून सांगितलं. स्टॉप आला. मी उठले. म्हटलं, "अहो, उतरा!"

हे म्हणतात, "सुंदर!"

"अहो, उतरा!"

"सुंदर! फारच सुंदर!"

आणि अंगठा दाखवला. मला वाटलं, कळलं. येताहेत मागून. म्हणून मी आपली कठडा धरून एकेक पायरी उतरले, खाली रस्त्यावर पाय ठेवला, मागे वळले... आणि बस निघाली. वरच्या मजल्यावर ह्यांची हिरवी टोपी, टोपीखाली इयरफोन, आणि मान अशी डोलतेय, समाधानात! मी ओरडले. अहो, ओरडले कसली, किंचाळले! बस वळली. टोपी गेली. काय तर म्हणे हॉप ऑफ!

फूटपाथवर एक बाई हातगाडीवर पेरू कापून विकत होती. आपल्यासारखंच, तिखटमीठ लावून. तिला मी सांगितलं, "माय हजबंड... बस... गॉन." तिला इंग्रजी येईना, मला थाई येईना. मग मी मिशी काढून दाखवली बोटानं, टोपी काढून दाखवली, बस काढून दाखवली, भुर्रर्र! तिला झटकन कळलं. नवरा बसमधून निघून गेला, एवढं कळायला भाषा कशाला लागते? तिनं आधी लाल प्लास्टिकचं स्टूल दिलं, मग स्वतःचा फोन दिला. ह्यांचा नंबर मला पाठ, फार्मसीत ह्यांची औषधं घेताना दरवेळी सांगावा लागतो. लावला. वाजतोय, वाजतोय, वाजतोय... आणि मग हेच, "यू हॅव रीच्ड कुमार, प्लीज लीव्ह अ मेसेज." परत लावला. परत हेच. आवाज आहे, माणूस नाही. अहो, ज्याला शेजारी बसलेल्या बायकोचं ऐकू येत नाही, त्याला खिशातला फोन काय ऐकू येणार!

बसले मग. करणार काय? म्हटलं, वैदेही म्हणाली ना, बस फिरतच असते, म्हणजे येतील फिरून. त्या बाईनं पेरूची फोड दिली, ती हातातच राहिली. आणि बसल्या बसल्या, तुम्हाला सांगते, मला राग यायला हवा होता ना? येईना. वेगळंच काहीतरी व्हायला लागलं. मी विचार करायला लागले, मी ह्यांच्याशी शेवटचं बोलले कधी? म्हणजे ओरडले रोज. जेवायला चला, गोळी घ्या, दार लावा, कचरा न्या. पण बोलले कधी? कारण सगळ्या गोष्टी ओरडून नाही हो सांगता येत! "आज उगाच उदास वाटतंय," हे कुणी ओरडून सांगतं का? "झाडाला पहिलं लिंबू आलंय, बघा ना," हे तीनदा ओरडलं की लिंबू आंबट होतं. मग मी सांगणंच सोडून दिलं. आणि त्यांना वाटलं, घरात शांतता आहे. केवढ्या मोठ्या शांततेत राहत होतो आम्ही दोघं, एकाच घरात!

तेवढ्यात बस आली. लाल! उठले, नवा गुडघा जुना गुडघा सगळं विसरले, चढले वर... हे नाहीत. दुसरीच बस. तिकिटं बघणारा मुलगा भला होता, त्यानं पुढच्या बसला फोन केला, परत परत विचारलं, आणि मग मला म्हणाला, "ओल्ड मॅन, ग्रीन हॅट? ही गेट ऑफ. व्हेरी फास्ट."

कुठे? तर पुढे कुठेतरी, तो काही नीट सांगेना. बसमध्ये होते तोवर निदान बसमध्ये होते. आता त्या एवढ्या शहरात, ट्रॅफिकमध्ये, एक बहात्तर वर्षांचा माणूस, ज्याला मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही! रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू येत नाही!

मुलगा म्हणतोय, "मॅडम, यू कम ऑर यू गो?" ऑन की ऑफ, सांगा! बस थांबली आहे, वरचे लोक बघताहेत. मला वाटलं, जावं, शोधावं. मग वाटलं, नाही. ते मला शेवटचं बघितलं तिथेच येतील. पण शेवटचं बघितलं कुठे, त्यांना तर तेही माहीत नाही! तरी उतरले. का, ते विचारू नका. त्या लाल स्टुलावर येऊन बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. पेरूवाली माझ्या डोक्यावर तिची छत्री सरकवून आपली धंदा करत होती, मध्येच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

आणि किती वेळानं कोण जाणे, पलीकडच्या फूटपाथवर हिरवी टोपी! एका खांद्यावर त्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर माझी पर्स, चेहरा टोमॅटोसारखा लाल, आणि चालत येताहेत. चालत! प्रत्येक बाईच्या तोंडाकडे वाकून बघताहेत! मी उठले आणि अशी हाक मारली, "अहोऽऽ!" तर अख्खा रस्ता वळून बघायला लागला. रिक्षावाले बघताहेत, सोनार दुकानाबाहेर आले, एक कुत्रं उठून बसलं... एक माणूस सोडून! तो आपला चाललाय पुढे!

मग पेरूवालीनं माझा हात धरला, दुसरा हात वर केला, आणि घुसली ट्रॅफिकमध्ये. मी तिच्या मागे. गाड्या थांबल्या. पलीकडे जाऊन मी ह्यांची बाही धरली, अशी मागून. दचकले. वळले.

मग ह्यांनी सगळं सांगितलं. दोन स्टॉप, ऐका हं, दोन स्टॉप हा माणूस माझ्याशी बोलत होता! रिकाम्या सीटशी! हे देऊळ, तो पूल, अमका राजा, तमका राजा. मग पिशवीतून लिमलेटची गोळी काढून पुढे केली आणि कुणी घेतली नाही, तेव्हा बघितलं. मी म्हटलं, "मग बसमधून उतरलात कशाला? फिरून आलीच असती की ती इथे!"

तर म्हणाले, "मी वर बसमध्ये आणि तू खालून हाक मारली असतीस, तर मला आली नसती ऐकू. म्हणून खाली उतरून चालत आलो. तोंडं बघत."

आणि हळूच विचारलं, "तू मघाशी हाक मारलीस का गं?"

मी म्हटलं, "मारली."

"मला नाही ऐकू आली, मृणाल."

दोन वर्षांत पहिल्यांदा! तू पुटपुटतेस नाही, रस्त्यावर गोंगाट आहे नाही. मला नाही ऐकू आली. भर चायनाटाउनमध्ये मी त्या माणसाच्या टोपीवरची धूळ झटकत उभी राहिले. रेशीमबिशीम राहिलं. त्या बाईचे चांगले चार पेरू घेतले आणि हॉटेलवर टॅक्सीनं गेलो. त्या बसमध्ये मी पुन्हा पाय ठेवला नाही. काय तर म्हणे हॉप ऑन, हॉप ऑफ!

परत आल्यावर इथल्या एल कॅमिनो रस्त्यावरच्या त्या ऑडिओलॉजिस्टकडे स्वतःहून अपॉइंटमेंट घेतली ह्यांनी. दोन्ही कानांत दोन एवढीएवढीशी यंत्रं. गाडीत बसले तर घाबरून विचारतात, "ही टिकटिक कसली?" म्हटलं, वळायचा सिग्नल आहे तुमचा. "आधीपासून होती?" फ्रीज घुमतो त्याचं कौतुक, पाणी उकळतं त्याचं कौतुक. आणि एक दिवस मी पोळ्या लाटत होते, तर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. म्हणाले, "तू गुणगुणतेस?"

म्हटलं, "लग्न झाल्यापासून."

खुर्ची ओढून बसले, ऐकत. माझे डोळे भरून आले, लाटण्यावर पाणी पडायचं बाकी होतं, आणि तेवढ्यात म्हणतात कसे, "छान म्हणतेस. दुसरी ओळ तेवढी बेसूर होते."

तर आता रोजचं ठरलेलं आहे. मी पोळ्यांना बसले की हे खुर्ची घेऊन येतात. दुसरी ओळ आली की कानातली यंत्रं काढून हातात धरतात, माझ्या ओठांकडे बघत बसतात... आणि तिसऱ्या ओळीला परत घालतात. वाढ गं कांचन, तो ढोकळा.