परत न आलेली पुस्तकं

दुकानदार: काकू, तो गठ्ठा खालून ओढू नका, वरची सगळी अंगावर येतील. कुठलं हवंय ते सांगा, मी काढून देतो.

सासूबाई: मला कुठलंच नकोय. विमान माझी सून चालवणार आहे. मी नुसती बघतेय, ही वैमानिकांची पुस्तकं असतात तरी कशी.

सून: आई, तुम्ही त्या खुर्चीवर बसा ना. मी पाच मिनिटांत उरकते.

सासूबाई: अगं, नवा चष्मा आत्ताच हातात आलाय. एवढी बारीक अक्षरं समोर असताना बसू कशाला?

दुकानदार: अरे, मॅडम, तुम्ही होय! काकूंच्या मागे दिसलाच नाहीत. गेल्या खेपेला तो लाल प्रश्नसंच नेला होतात. मग? कशी झाली मुलाखत?

सून: हवामानाचं काय काय आहे तुमच्याकडे? ते आधी दाखवा.

दुकानदार: दाखवतो की. पण लालची नवी आवृत्ती आलीय बघा. बाराशे प्रश्न होते, आता अठराशे. गरम भज्यांसारखा खपतोय.

सासूबाई: तिची मुलाखत व्हायचीय अजून. कंपनीनं पुढे ढकलली.

दुकानदार: पुढे? नाही हो काकू! त्या तारखेची सगळी पोरं येऊन गेली माझ्याकडे. तिघांची निवडसुद्धा झाली, सांगायला आले होते.

सासूबाई: अस्सं.

सून: आई...

सासूबाई: मी काही विचारलं का?

दुकानदार: मी, म्हणजे... हवामानाची आतल्या खोलीत आहेत. शोधायला जरा वेळ लागेल. बसा तुम्ही.

सून: झाली मुलाखत. दोन महिने झाले. लेखी परीक्षा पास झाले, आणि मुलाखतीत पडले.

सासूबाई: घरात कुणाला माहीत आहे?

सून: त्याला माहीत आहे. मीच म्हटलं, आईंना सांगू नकोस.

सासूबाई: म्हणजे माझ्या मुलाला माहीत, तुला माहीत, या दुकानदाराला माहीत. आणि मी दोन महिने शेजारणींना ऐकवतेय, कंपन्यांचं काही खरं नाही बाई, सारख्या तारखा बदलतात.

सून: चुकलं माझं.

सासूबाई: चुकलंच. पण का, ते सांग. मी काय खाल्लं असतं तुला?

सून: तुम्ही काही बोलला नसतात, म्हणूनच. सहा वर्षं घरी होते मी. परत उडायला लागले तेव्हा तुम्ही शिकवण्या बंद केल्यात. छोटीला शाळेतून आणणं, तिचा अभ्यास, तिचं आजारपण, सगळं अंगावर घेतलंत. तेहतीस वर्षं शिकवलेल्या बाईनं फळा उतरवून ठेवला, आणि मी हात हलवत घरी यायचं? दारात पोचेपर्यंत ठरवलं होतं सांगायचं. तुम्ही दार उघडलंत आणि तोंडातून निघालं, पुढे ढकलली.

सासूबाई: शिकवण्या मी कंटाळून सोडल्या.

सून: खरंच?

सासूबाई: अर्ध्या कंटाळून. अर्ध्या तुझ्यासाठी. खोटं कशाला बोलू, आज तसंही पुरेसं झालंय. आता हे सांग, आणखी एक संधी आहे की संपलं?

सून: एक आहे. नऊ आठवड्यांनी, पुन्हा लेखीपासून. या कंपनीत दोनदाच बसता येतं.

सासूबाई: मुलाखतीत अडलं कुठे?

सून: पहिलाच प्रश्न. जेट विमान एका ठरावीक उंचीच्या वर का जात नाही? संचात होता तो. उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. मग त्या कॅप्टननी त्याच्याच पुढचा एक साधा प्रश्न विचारला. तो संचात नव्हता. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानंतर जे येत होतं तेही येईना.

सासूबाई: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

सून: आडात आहे हो आई! चार वर्षं छोट्या विमानांवर मुलांना शिकवलंय मी.

सासूबाई: मग मला शिकव. का जात नाही वर? आणि ते पुस्तकातलं बोलू नकोस. मी सातवीतली मुलगी आहे असं समज.

सून: इथे? दुकानात?

सासूबाई: तो माणूस आत अर्धा तास पुस्तकं शोधणार आहे. शहाणा आहे.

सून: बरं. उंच गेलं की हवा विरळ होते. विरळ हवेत विमानाला स्वतःला तोलून धरायचं तर वेगानं जावं लागतं. जरा हळू झालं की पंखांचा आधार सुटतो.

सासूबाई: मग जावं की आणखी वेगानं. कोण अडवतंय?

सून: पंखच अडवतात. वेग फार वाढला की पंखांवरची हवा नीट वाहत नाही, विमान थडथडायला लागतं. म्हणजे एका बाजूला कमी वेगाची भिंत, दुसऱ्या बाजूला जास्त वेगाची. आणि जितकं वर जाल तितक्या त्या जवळ येतात.

सासूबाई: मधून बोळ.

सून: हो. अरुंद होत जाणारा बोळ. शेवटी विमानाला मावायला जागाच उरत नाही.

सासूबाई: कळलं. पण थांब. इंधन तर सारखं जळतंय. विमान हलकं होत जाणार. मग तो बोळ तेवढाच राहतो, की बदलतो?

सून: काय म्हणालात? पुन्हा म्हणा.

सासूबाई: काय गं? काहीतरी भलतंच विचारलं का मी?

सून: हाच. आई, हाच प्रश्न विचारला होता त्यांनी.

सासूबाई: असं? मग त्यांना नाही सांगितलंस, मला सांग.

सून: हलक्या विमानाला आधार कमी लागतो. मग थोडा कमी वेगही चालतो. म्हणजे ती कमी वेगाची भिंत मागे सरकते... बोळ रुंद होतो! म्हणूनच लांबच्या प्रवासात विमानं आधी जरा खालून जातात, आणि हलकी होतील तशी टप्प्याटप्प्यानं वर चढतात. आई, मला माहीत होतं हे! हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे!

सासूबाई: हळू. दुकान आहे.

दुकानदार: येऊ का बाहेर? हवामानाची तीन सापडली. आणि मॅडम, सॉरी हं. आमची जीभ म्हणजे... बायको रोज सांगते, आधी गिऱ्हाइकाचं तोंड बघ, मग आपलं उघड.

सासूबाई: बरं झालं उघडलंत. तो लाल प्रश्नसंच आणा इकडे.

दुकानदार: बघा! काकूंनाही पटला.

सासूबाई: हे काय आहे? विमानाचा वेग चारशे, समोरून ऐंशीचा वारा, अंतर आठशे. किती तास लागतील? पेन आहे का... नको, राहू दे, तोंडीच होतंय. अडीच तास. मागे उत्तर काय दिलंय?

दुकानदार: थांबा हं. एकशे बारा... एकशे बारा... दोन तास.

सासूबाई: वारा कुठे गेला?

दुकानदार: म्हणजे?

सासूबाई: प्रश्नात वारा होता, उत्तरात पडला. चारशेतून ऐंशी वजा कोण करणार? अशा हिशोबानं विमान निघालं तर अर्धा तास आधीच इंधन संपायचं.

सून: आई, जास्तीचं इंधन असतंच बरोबर.

सासूबाई: असेल. पण तू पाठ करणार ते दोन तास, आणि तिकडे तो कॅप्टन अडीच म्हणणार. किती वर्षं आहे हे दुकान?

दुकानदार: अठरा. पण काकू, मी कधी सोडवून नाही बघितलं हो. आम्ही आवृत्ती बघतो आणि विकतो.

सासूबाई: मग तुम्हाला तुमचंच विचारते. विकलेली पुस्तकं लोक परत आणून देतात ना, जुनी म्हणून?

दुकानदार: देतात की. तो अख्खा कोपरा त्याचाच.

सासूबाई: सगळ्यात जास्त काय परत येतं?

दुकानदार: प्रश्नसंच. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी. कधी कधी त्याच संध्याकाळी.

सासूबाई: आणि कुठलं परत येत नाही?

दुकानदार: असं कुणी विचारलं नव्हतं आजवर... थांबा. शिडी धरता का जरा? हे. हे निळं जाडं. विमान कसं उडतं त्याचं. वर्षाला आठ-दहा जातात, पण परत आलेलं... एकदाच आलं होतं. एका मुलानं आणून दिलं, आणि चौथ्या दिवशी धावत आला, विकलं नसेल तर द्या म्हणून.

सून: दाखवा. बाप रे, केवढं आहे! हे मी फ्लाइंग क्लबच्या लायब्ररीत बघितलं होतं. जाडी बघूनच जागेवर ठेवलं होतं.

सासूबाई: उघड. कुठलंही पान काढ. एक परिच्छेद वाच आणि मला सांग.

सून: थांबा, हे पुन्हा एकदा वाचते.

सासूबाई: कळत नाहीये?

सून: नाही, कळतंय. गंमत म्हणजे हा लेखक आधी विचारतो, तुम्हाला काय वाटतं? मग सांगतो. हे घेणार मी.

सासूबाई: झालं एक. हवामानाचं?

दुकानदार: तिन्हींत हे सगळ्यात जुनं. कुणी हात लावत नाही.

सासूबाई: ढग जुने होतात का? चित्रं स्वच्छ आहेत. बघ गं, तुला कसं वाटतं.

सून: चांगलं आहे हो. वादळातला वारा खालून वर कसा फिरतो, ते बाणांसकट दाखवलंय. हे चालेल. पण नियमांचं मात्र अगदी नवं लागेल. ते दर वर्षी बदलतात.

दुकानदार: आहे, याच महिन्यातलं. आणि लाल? ठेवून देऊ?

सासूबाई: ठेवून द्या.

सून: नको. तोही द्या.

सासूबाई: अगं, आत्ताच बघितलंस ना!

सून: म्हणून तर. शेवटच्या दोन आठवड्यांत घड्याळ लावून सोडवायला हवा. आणि उत्तरं मागची बघायची नाहीत. तुम्ही तपासायची.

सासूबाई: अठराशे?

सून: नव्या चष्म्यानं.

सासूबाई: बघा हो, लगेच कामाला लावलं मला. बरं, मग माझीही अट ऐक. रोज संध्याकाळी एक तास मला शिकवायचं, निळ्यातलं. जिथे मला कळणार नाही, तिथे तुला कळलेलं नाही असं समजायचं.

सून: छोटी त्रास देईल.

सासूबाई: तिलाही बसवू. ती माझ्यापेक्षा अवघड प्रश्न विचारते.

सून: आणि पुन्हा पडले तर?

सासूबाई: तर त्याच दिवशी येऊन सांगायचं. दारातच. चप्पल काढायच्या आधी.

सून: हो.

सासूबाई: बाकी मला काही नको.

दुकानदार: मॅडम, बांधून दिली. दोन पिशव्या केल्यात, वजन फार आहे. आणि काकू, तो एकशे बारावा प्रश्न, मी प्रकाशकाला कळवतो आज.

सासूबाई: कळवा. आणि बाकीचे सतराशे नव्व्याण्णव मी बघून सांगते. चल गं, बस समोरच उभी आहे.

सून: द्या, दोन्ही पिशव्या मी घेते.

सासूबाई: निळं बाहेर काढ आधी. खिडकीजवळ बस आणि वाचायला लाग. आपला स्टॉप आला की मी सांगते.