इब्राला मोंबासात एक शब्द सापडला

अरे, इब्राचं मोंबासाचं तुला सांगितलं नाही? आपला इब्राहिम सिद्दी. त्याचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आणलेले, पण ह्याचा जन्म लालबागचा आणि मराठी आपल्यापेक्षा खणखणीत. संपात गिरणीतली नोकरी गेली, तेव्हा तो बोटीवर खलाशी म्हणून लागला. निघताना म्हणाला, "बोट मोंबासाला थांबते. माझी आजी उरुसात 'गोमा' नाचायची. तो शब्द कुठला, हे कळल्याशिवाय मी परत येत नाही."

तिथं उतरला, तर जो तो त्याच्याशी धडाधड तिथल्या भाषेत बोलायला लागला. ह्याला एक अक्षर कळेना. लोकांना वाटलं, गडी शिष्टपणा करतोय! तरी काम संपलं की हा रोज बाजारात विचारत फिरायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं एका गुजराती दुकानदाराला हिंदीत गळ घातली. दुकानदारानं शेजारच्या मासेवाल्या म्हातारीला विचारलं. 'गोमा' ऐकताच तिनं टोपली पालथी घातली आणि "न्गोमा, न्गोमा" म्हणत तिच्यावर ठेका धरला. तिकडं ढोलाला आणि ढोलावरच्या नाचाला न्गोमाच म्हणतात.

इब्रा सांगतो, "अरे, आजीचाच ठेका! मला रडूच फुटलं."

मग दुकानदार म्हणाला, "ती विचारतेय, तुमच्या लोकांना इथून कुणी नेलं?"

"ठाऊक नाही. शेकडो वर्षं झाली."

म्हातारीनं टोपली सरळ केली. मग पुन्हा काहीतरी बोलली.

"आता काय म्हणते?"

"म्हणते, ते राहू दे. जेवलायस का?"