सांध्यातली खडी

माझं माहेर लोंढ्याकडचं, बाप शेतकरी, आनि लग्न होऊन बेळगावला आलते तवापासनं मी बांधकामावर. काय सांगू तुम्हाला, वीस वर्षं मिस्त्र्यांच्या हाताखाली माल कालवून दिला, पर ध्यान माझं समदं त्यांच्या हाताकडं, दोरी कशी धरत्यात, फरशी कशी बसवत्यात, बघून बघून शिकले. तरी मिस्त्री म्हणून मला कोन हाक मारतंय? ए बाई, पाणी आन, एवढंच.

मग टिळकवाडीत एक मास्तरीणबाई हुत्या, रिटायर झालेल्या, लई सरळ. त्यांच्या मागच्या अंगणात शहाबादी फरशी घालायची हुती आनि आमचा मिस्त्री ऐन वेळी गावाकडं गेला, तवा त्या म्हणाल्या, सुमनाक्का, तूच कर की. माझं पहिलं सोताचं काम बघा. त्यांचा पुतण्या इंजिनेर, तो म्हणाला, फरशांमधले सांधे सिमेंटनं भर. मी म्हटलं, न्हाय साहेब, मधी चिक्कूचं झाड हाय, मुळाला पाणी जाऊ दे, खडी भरते. तो हसला. घमेलं उचलणारी आता मला शिकवणार? बिघडलं तर समदं उचकटून दुसरा मिस्त्री आणीन, म्हणाला.

आनि बिघडलंच हो! मी हौसेनं खडी काठोकाठ भरलेली, लई झकास दिसत हुतं. सकाळी मास्तरीणबाईंनी रोजच्यासारखा खराटा मारला, खडी समदी फरशीवर, आनि त्या अनवाणी, तळव्याला टोचली. आता अंगण झाडल्याबिगर आपल्यात दिवस सुरू हुतोय व्हय? जन्मभर मी झाडलंय, आनि मलाच सुचू नये! लाजून मेले मी. खोटं कशाला बोलू, टाकीमागं जाऊन रडले. मग पदर खोचला.

समदी खडी काढली, बारीक चाळून घेतली, धुतली, कारन माती ऱ्हायली की सांधा तुंबतोय. थोडी भरायची, लाकडी पट्टीनं ठोकायची, परत भरायची, परत ठोकायची, आनि वर बोटाचं अर्धं पेर रिकामं सोडायचं. तीन दिवस गुडघ्यावर हुते. मग मीच म्हटलं, बाई, झाडा आता. त्यांनी खराटा मारला, एक खडा हलला न्हाय. पुतण्यानं बादलीभर पाणी ओतलं, बघतोय तर पाणी जिरलं बी. बादली तिथंच ठेवून तो निघून गेला. पर पुढच्या महिन्यात त्याचाच फोन, आक्का, माझ्या एका साइटवर येता काय? येता म्हणाला बघा, येतीस न्हाय!

आता माझ्या हाताखाली चार बायका हाईत. खडीचे सांधे म्हटलं की मलाच बोलावत्यात. परवा उद्यमबागेत एका कारखान्यात काम बघायला गेले, तर वाचमन मला गेटवरच आडवून विचारतोय, मिस्त्री मागनं येतोय काय? मी म्हटलं, मिस्त्री तुझ्यासमोर उभी हाय रं बाबा, गेट उघड.