भोपळ्याच्या कळीला बांधलेलं फडकं

भोपळा नसता, तर आज माझ्या घरी तुम्हाला चहा मिळाला नसता.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला मी झरी गावच्या शाळेत चौथीला शिकवायचो. माशीनं नर फुलातले पराग आणले तरच मादी फुलाला फळ धरतं, हे पोरांना दाखवायचं होतं. म्हणून शेजारच्या सरूमावशीच्या वेलावर काही मादी कळ्यांना आम्ही फडकी बांधली. हाताशी होतं ते लाल कापड, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी अमावस्या!

मावशी ओरडतच वर्गात आली. "माझ्या येलावर करनी केली कुनीतरी!" मागं निम्मं गाव.

मार खायची वेळ आली होती. मी हात जोडले. "मावशी, करणी नाही, धडा आहे. थोडं थांबा."

आठवड्याभरात बांधलेल्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. मोकळ्या फुलांना भोपळे धरले.

"असं कसं वो गुर्जी?"

"तोंडच बांधलं, मग माशी येणार कुठून?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् तुमी? तिशी आली, तुमी कशापायी फडकं बांधून बसलाव?"

पुढच्याच महिन्यात तिनं आपली भाची दाखवली. हा चहा त्या भाचीच्याच हातचा. पहिला घोट मी अजून मावशीच्या नावानं घेतो.