पडवळाला बांधलेला दगड

माझं माहेर कापडे, भाताचं गाव. दिलं मला पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत, तेपण दुसरेपणावर. सोळा-सतराची असेन, कोण मोजतंय. घरवाला मुंबईला गिरणीत, घरात सासू नि पहिलीची दोन पोरं, आठ वर्षांची सगुणा आणि तिच्या पाठचा बाळू. बाळू गोड पोर, महिन्याभरात आये आये करायला लागला. सगुणा मात्र मावशी म्हणायची, तेपण सासूनं दटावलं तर, नायतर नुसती बघत राहायची.

काय सांगू तुम्हाला, मला कुठली पोरं सांभाळायची अक्कल, मीच पोर. पण बापानं आम्हा भावंडांना परसात राबवलं होतं, तेवढं येत होतं. म्हटलं चला रे, भाजी लावू. मी कुदळ मारायची, बाळू शेणाची टोपली ओढायचा, सगुणा लांब उंबऱ्यावर. मग एक दिवस आपणच उठली नि आढ्याची पुरचुंडी काढून आली. राखेत ठेवलेलं पडवळाचं बी, तिच्या आईच्या हातचं. माझ्याकडं नाय दिलं, स्वतःच आळ्यात पुरलं.

पाऊस त्या साली असा मेला कोसळला की दोन वेल कुजले, एकच मांडवावर चढला, त्याला एकच पडवळ धरलं. सासू म्हणाली, हे बियाला राखायचं, कुणी तोडायचं नाय. आता पडवळ वाकडं होऊ नये म्हणून टोकाला खडा बांधतात, सुपारीएवढा, ते मीच सगुणाला शिकवलं. तेव्हा एसटी कुठली, पोरांचा बाप गणपतीला बोटीनं दासगाव बंदरावर उतरून चालत यायचा. पोरीला वाटलं, दगड मोठा बांधला तर बाबा येईपर्यंत पडवळ भुईला टेकेल. बांधला मुठीएवढा. सकाळी बघते तर पडवळ मधोमध तुटून खाली.

सासू आली ती माझ्यावरच. सवतीची आठवण पुसायला टपलीस, म्हणाली, येऊ दे त्याला, तुला कापड्याला पोचवायला सांगते, कायमची. मला कळलं होतं दगड कुणाचा ते. पोर पांढरीफटक, मांडवाचा खांब धरून उभी. मी म्हटलं, हो, मीच बांधला, चुकलं माझं. आईवेगळी पोर ती, आईचं बी तूच बुडवलंस असं तिला कुणी ऐकवायला नको वाटलं मला. पण खोटं कशाला बोलू, माहेरी परत जायची भीती होतीच.

तर सगुणा खांब सोडून पुढं आली, म्हणाली, आजी, दगड मी बांधला, मावशीला घालवू नको.

सासू खाली बसली नि पदर लावून रडली. म्हातारी वाईट नव्हती हो, लेकीसारखी सून गेली होती तिची. पुढं भाद्रपद सरता सरता त्याच वेलाला आणखी दोन पडवळं आली, बी राहिलं.

आता सगुणाचेपण केस पिकले. तिचा माणूस गेला तेव्हा पोरं म्हणाली मुंबईला चल, ती नाय म्हणाली नि माझ्याकडं आली. मला न्हाऊ घालते, भाकरी कुस्करून देते. आये कधी म्हणाली नाय, आजही मावशीच. आधी मी वाट बघायची, मग ती सवय सुटली. लोक विचारतात तिला, सख्खी नाय ना ही, कशाला एवढी राबतेस? ती म्हणते, माझी मावशी हाय. बाय माझी सुखात राहो. देवाला एवढंच सांगते, तिच्या आधी मला ने रे, तिच्या मागं राहायचं बळ माझ्यात नाय.