नोंद न केलेली पुस्तकं

ग्रंथपाल बाई: वाचनाचा तास काढून गणिताला दिलात, सर? मला एका शब्दानं विचारायचं तरी!

मुख्याध्यापक: काय विचारायचं? वर्षभर तुम्ही जिवाचं रान केलंत, आणि हे बघा फळ. अख्ख्या सातवीचा सारांश एकच. शब्दन् शब्द!

बाई: पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावरून उतरवलाय. कळतंय हो मला. डोकं फुटायची वेळ आलीय माझी.

मुख्याध्यापक: वर अकरा पुस्तकं गायब. उद्यापासून कपाटाला कुलूप.

बाई: कुलूप नको, सर. उघडं आहे तोवर निदान... ए, कपाटामागे कोण गं? बाहेर ये. ओढणीखाली काय लपवलंस?

मुलगी: काही नाही, बाई.

बाई: दाखव. अगं, हे तर हरवलेल्यांतलंच! चोरी करतेस? शोभतं का तुला?

मुलगी: चोरी नाही हो! परत ठेवायलाच आले होते. अजून दहा वर्गात फिरतायत.

मुख्याध्यापक: फिरतायत म्हणजे?

मुलगी: एकीचं झालं की दुसरी घेते. नंबर लावलेत आम्ही.

बाई: मग वहीत नोंद करायला काय होतं? मी खाते का तुम्हाला?

मुलगी: नोंद केली की सारांश लिहावा लागतो.

बाई: दहा ओळी तर लिहायच्या!

मुलगी: हो, पण मग वाचताना तेच डोक्यात राहतं. हे लिहू की ते लिहू. म्हणून नोंदवलेलं पुस्तक आम्ही उघडतच नाही. वाचायचं ते असंच नेतो.

मुख्याध्यापक: ही सारांशाची टूम काढली कुणी?

बाई: मी. दुसरं कोण काढणार? आणि वर्षभर बोल लावतेय या पोरांना! लाज वाटतेय मला, सर.

मुख्याध्यापक: बरं, मग सारांश बंद करू. तास ठेवायचा का?

बाई: नको. गणिताला घ्या. पण कपाटाला कुलूप लावू नका, एवढं ऐका माझं.

मुलगी: बाई, मी जाऊ?

बाई: जा. आणि हे बघ, मला कळलंय हे वर्गात कुणाला सांगू नकोस.