शीलाकाकूंची नजर

तुम्ही हसाल, पण माझा जीव तेव्हा खरंच टांगणीला लागला होता. माझ्या चार वर्षांच्या ओमनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. केळझरच्या गणपतीला नवस बोलून झाला. शेवटी मीठ-मोहरी अन् लाल मिरच्या त्याच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. कोणालाच ठसका लागला नाही, म्हणजे नजर पक्की. ओमनं विचारलं, "कोणाची?" माझ्या तोंडून निघून गेलं, "शेजारच्या शीलाकाकूची असंन."

दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन त्याच्यामागे फिरत होते, तर शीलाकाकूच दारात. ओम ओरडला, "काकू, तिकडे पाहा! तुमची नजर लागते. आईनं मिरच्या जाळल्या!"

कुठं तोंड लपवू, असं झालं मला. "काहीबी बोलून राह्यला हा," मी म्हटलं. काकू सरळ आत आल्या. खुर्ची भिंतीकडे फिरवून बसल्या. अन् या कार्ट्यानं अख्खी पोळी खाल्ली, वरून वरण मागितलं!

ताट रिकामं झाल्यावर काकू पाठमोऱ्याच बोलल्या, "सूनबाई, माह्या नातवानंबी परवापासून जेवण सोडलं. परवा तूच त्याले कडेवर घेतलं होतं न?"